इंजिन बसवण्याआधी पाण्याचा रस्ता ठरवा

आयटीआयला मेकॅनिक मोटार व्हेइकलचा ट्रेड करून मी पुण्यात जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजात लागलो. इंजिन बदलायचं म्हणजे माउंटिंग, गिअरबॉक्स आणि वायरिंग, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पाण्याचं काय, दोन होज (रबरी नळ्या) जोडले की झालं!

पहिलं काम आलं 1984 च्या पद्मिनीचं. मूळ इंजिन 1089 सीसी, मालकाला हवं होतं जिप्सीचं 1298 सीसीचं. दोन्हीकडे इंजिन लांबीतच बसतं, म्हणून जोडी जमते. (आरटीओची परवानगी आधी घ्या. आरसीवर इंजिन नंबर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.) इंजिन बसलं, एका सेल्फला सुरू झालं. पेढे वाटले.

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा आधी थोडा वर गेला आणि मग चक्क खाली आला. मी खूश. दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ. उस्तादांनी रात्री एवढंच विचारलं, "काटा खाली आला तेव्हा सेन्सरपाशी पाणी होतं का?"

नव्हतं. जिप्सीच्या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) आणि तापमानाचा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळ्यांवर, बरेच वर असतात. मी पद्मिनीचा जुना रेडिएटर तसाच ठेवला होता, आणि त्याचं झाकण या जागेच्या खाली राहिलं. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती तिथे अडकली, सेन्सर कोरडा पडला म्हणून काटा खाली आला, आणि इंजिनचं हेड तापत राहिलं. आता मी माउंटिंग वेल्ड करण्याआधी रेडिएटर जागेवर धरून दोन्ही उंची मोजतो. झाकण खाली येत असेल, तर वरच्या होजच्या सर्वात उंच जागी वेगळी फिलर नेक (पाणी भरायचं तोंड) बसवतो. थर्मोस्टॅटच्या चकतीला 3 मिमीचं भोक पाडून ते वरच्या बाजूला ठेवलं, तर उरलेली हवाही निघून जाते.

गाडीतला हीटर नको म्हणून इंजिनवरची त्याची तोंडं बुच मारून बंद करू नका. थर्मोस्टॅट बंद असताना पाण्याला फिरायला वाट लागते. दोन्ही तोंडं एका होजने एकमेकांना जोडून टाका.

होज शोधायला मी जाड तार घेतो. इंजिनपासून रेडिएटरपर्यंत हवी तशी वाकवतो आणि ती घेऊनच नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जातो. दुकानदार वैतागतात, पण भिंतीला टांगलेल्यांतला कुठल्यातरी भलत्याच गाडीचा होज तारेला बरोबर लागतो. सरळ होज जबरदस्तीने वाकवला की कोपऱ्यात चिमटतो. माप बदलत असेल तर लेथवाल्याकडून जोडनळी करून घ्या, मात्र तिच्या टोकांना उंचवटा काढायला सांगा. गुळगुळीत नळीवर क्लिप कितीही आवळा, दाब आला की होज सटकतो. खालच्या होजमधून पंप पाणी ओढून घेतो, म्हणून त्यात स्प्रिंग हवी, नाहीतर जास्त आरपीएमला तो चपटा होतो. आणि एक्झॉस्टपासून चार बोटं लांब. जागा नसेल तर मध्ये पत्रा लावा.

रेडिएटरच्या झाकणावरचा दाबाचा आकडाही बघा. 0.9 बारचं झाकण असेल तर साधं पाणी 118-119 अंशांपर्यंत उकळत नाही. मात्र जुन्या पितळी रेडिएटरची जाळी तेवढा दाब सोसेल का, हे रेडिएटरवाल्याकडून तपासून घेतल्याशिवाय नवं झाकण लावू नका.

पाणी भरताना पुढची चाकं रॅम्पवर चढवा, म्हणजे रेडिएटर वर येतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा होज एकदम गरम होईपर्यंत थांबा. पातळी पुरी करून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून बघा, पेलाभर कूलंट कमी झालेलं असतंच.