पावतीवरचा आकडा फोडायचा कसा

कापसाची गाडी घेऊन हिंगणघाटला रात्री पोचलं की सकाळी काटा सुरू होईपर्यंत दुसरं काम नसते. मोबाईलची बॅटरी गावातूनच अर्धी आलेली. मग मी आन् भाचा पावतीचा नंबर फोडत बसतो, म्हणजे त्याचे मूळ अवयव काढतो. मागच्या खेपेचा नंबर होता २८४६८४४.

आधी शेपूट पाहा. शेवटचे दोन आकडे ४४, म्हणजे ४ नं भाग जाते. शेवटचे तीन ८४४, त्यांना ८ नं जात नाही. मग आकड्यांची बेरीज: २+८+४+६+८+४+४ = ३६, म्हणून ९ नंही जाते. १०, १००, १००० कशालाही ९ नं भागा, बाकी १ च उरते. म्हणून नुसत्या बेरजेवर भागते. "मामा, मंग २७ साठी बी चालते ना?" नाही चालत बापा. २७ चीच बेरीज कर, ९ येते.

आता भागून टाका. ४ नं ७११७११, त्याला ९ नं ७९०७९.

खरी गंमत ७, ११ आन् १३ ची. तिघांचा गुणाकार १००१. हजार त्याहून एकानं कमी, म्हणून या तिघांच्या हिशेबात हजार म्हणजे उणे एक. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गठ्ठे पाडा आन् आळीपाळीनं अधिक-उणे करा. आख्ख्या पावतीचे: ८४४ − ८४६ + २ = ०. शून्य आलं, तिघंही एकदम बसले. शून्य नसतं आलं, तर जे उरलं त्याला तिघांनी वेगवेगळं भागून पाहायचं.

७९०७९ ला १००१ नं भागलं की ७९. हा मूळ हाय का? ९ × ९ = ८१, पुढं गेलं; म्हणून २, ३, ५, ७ एवढेच तपासायचे. एकही बसत नाही. (घाई नका करू. मी एकदा ९१ मूळ म्हणून सोडून दिला होता. तेरा साते एक्याण्णव!)

झालं: २² × ३² × ७ × ११ × १३ × ७९. विभाजक किती, ते तर बोटावर: प्रत्येक घातात एक मिळवा आन् गुणा. ३×३×२×२×२×२ = १४४. दोनचा अवयव एकदाही न घेणं, एकदा घेणं, दोनदा घेणं, अशा तीन तऱ्हा. म्हणून तो वरचा एक.

आमच्या मागच्या गाडीची पावती २८४६८४५. लागून असलेल्या दोन संख्यांत १ सोडून सामाईक विभाजक नसतो, म्हणून आमचा एकही अवयव तिथं कामाचा नव्हता. ५ काढला, उरले ५६९३६९. ९७ पर्यंत सगळे मूळ लावून पाह्यले, एकही नाही. जायचं होतं ७५४ पर्यंत. भाचा १०१ नं भागून राहिला होता, तेवढ्यात आमची गाडी काट्यावर लागली.