कपाशी देशी की अमेरिकन: शिवारात ओळखायची कशी

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना लांब धागा हवा होता, आपली देशी कपाशी आखूड धाग्याची. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने 1840 मध्ये अमेरिकेतून कापूस पिकवणारे मळेवाले आणले. त्यांचं अमेरिकन बियाणं धारवाडकडे रुजलं, बाकी ठिकाणी बहुतेक फसलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा नाक मुरडत का होईना, इंग्रजांनी देशी कापूसच उचलला. आज जळगाव-धुळ्याच्या शिवारात उभी असलेली बीटी कपाशी (बोंडअळीला तोंड देणारा जनुक घातलेली) मात्र त्या अमेरिकन जातीचीच. बांधावर एखादं देशी झाड दिसलं, तर ते असं तपासा.

फुलाच्या रंगावर जाऊ नका, सगळे तिथेच फसतात. देशीचं फूल पिवळं, तळाशी लाल ठिपका. अमेरिकनचं पांढुरकं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. पण पांढऱ्या फुलाचे देशी वाण खानदेशात पूर्वी भरपूर होते, आणि काही संकरित वाणांचं फूल पिवळं असतं.

त्याऐवजी कैरी, म्हणजे कपाशीचं कच्चं हिरवं बोंड, हातात घ्या. तिला बाहेरून तीन हिरवी पानं कवटाळून असतात. त्यांच्या कडेला सात ते बारा लांब दाते असतील तर अमेरिकन. कड जवळजवळ सपाट, टोकाला दोन-चार बारीक दाते असतील तर देशी. आता झाडाचं मधलं पान बघा. देशीचं अर्ध्याहून खोल चिरलेलं, बोटं अरुंद; अमेरिकनचं रुंद, चिरा उथळ. देशीचं बोंड लहान, टोकदार, बहुधा तीन कप्प्यांचं.

धागा शेवटी मोजा. ऊन खाल्लेल्या बोंडातली एक सरकी (धाग्यांसकट बी) घ्या, मधोमध भांग पाडा आणि बारीक फणीने धागे दोन्हीकडे सरळ करा. फणी आधी टोकाशी, मग हळूहळू सरकीकडे. उलट केलं तर धागे उपटून येतात. सरकीच्या कडेपासून पट्टी लावा: जुन्या देशीत 20 मिमीच्या आसपास, अमेरिकनमध्ये 25 ते 30. ओल्या कापसात माप चुकतं. पाच झाडांची दोन-दोन बोंडं तरी मोजा.

बियाणं राखायचं असेल तर शेजारच्या बीटीची फार धास्ती नको. देशीत गुणसूत्रं 26, अमेरिकनमध्ये 52, त्यामुळे त्यांचा संकर सहसा होत नाही, झालाच तर वांझ निघतो. दोन देशी वाण मात्र शेजारी लावू नका.