या चुका टाळा: कोनमापक लावण्याआधी कोन ओळखा

कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा असतात, एक डावीकडून वाढणारी, दुसरी उजवीकडून. एकाच खुणेवर 60 आणि 120 दोन्ही छापलेले असतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून मोजण्याआधीच ठरवा: हा कोन काटकोनापेक्षा लहान दिसतोय की मोठा? लघुकोन दिसत असेल तर उत्तर 120 येणारच नाही. जी भुजा आधाररेषेवर ठेवली, तिच्यावर ज्या रांगेचं शून्य येतं तीच रांग वाचायची.

तरीही बेरीज जुळत नसेल तर चोर पकडता येतो. समजा त्रिकोणाचे कोन 50, 120 आणि 70 अंश आले. बेरीज 240, म्हणजे 60 जास्त. या जास्तीचे निम्मे, म्हणजे 30, नव्वदमध्ये मिळवा. 120 आले ना? तोच कोन उलट्या रांगेवरून वाचला गेलाय. खरं माप 60. फरक दोन-तीन अंशांचाच असेल तर मात्र केंद्रबिंदू शिरोबिंदूवरून सरकलाय का ते बघा. बऱ्याच कोनमापकांत आधाररेषा खालच्या कडेपेक्षा थोडी वर असते. कडच भुजेवर टेकवली की माप चुकतं.

भुजा लांब काढली म्हणून कोन मोठा होत नाही, हे बहुतेकांना तोंडपाठ असतं. पण चौरस तिरका काढून दाखवा, लगेच ‘हा समभुज चौकोन’ असं उत्तर येतं. (तोही बरोबरच, कारण प्रत्येक चौरस समभुज चौकोन असतो! पण काटकोन नजरेतून सुटलेले असतात.)

लहान की मोठा हे नजर सांगते. नेमका काटकोन आहे का, हे तिला विचारू नये. 88 अंशांचा कोनही काटकोनच वाटतो. आकृतीत चौकटीची खूण नसेल आणि माहितीतही दिलं नसेल, तर 90 गृहीत धरू नका. स्वतः काढलेल्या आयताची शंका आली तर दोन्ही कर्ण मोजा: समोरासमोरच्या बाजू समान असून कर्णही समान असतील, तर चारही कोन काटकोन. गुण्याचाच संशय असेल तर एका रेषेवर ठेवून लंब काढा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा काढा. दोन रेषांत फट दिसली तर ती गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असते.

त्रिकोणाला नाव देताना सर्वांत मोठा कोन बघायचा. 30, 40, 110 मध्ये दोन लघुकोन आहेत म्हणून तो लघुकोन त्रिकोण ठरत नाही. प्रत्येक त्रिकोणात किमान दोन लघुकोन असतातच.

बाणाच्या टोकासारखा आत वळलेला चौकोन आला की बेरीज 360 होत नाही अशी तक्रार हमखास येते. खाचेपाशी बाहेरचा कोन मोजलेला असतो. तो 130 असेल तर आतला प्रविशालकोन 360 वजा 130, म्हणजे 230 अंश. बेरजेत हा घ्यायचा.