सकाळी रुसणारी जुनी डिझेल गाडी: बिघाड कसा शोधावा आणि घरी कुठवर दुरुस्त करावा

दहा-पंधरा वर्षे मुंबईत चाललेली डिझेल मोटार कुरकुरू लागली की गॅरेजमध्ये सर्वांत आधी डिझेल पंपाचे नाव निघते आणि खर्चाचा आकडा ऐकून मालक गाडी विकण्याच्या विचाराला लागतो. माझ्या गाडीचा पंप असाच उतरवून, दुरुस्त करून पुन्हा बसवला गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी कळले की मूळ दोष डिझेल फिल्टरजवळच्या वीतभर रबरी नळीला पडलेल्या चिरेत होता. तेव्हापासून मी एक ठरावीक क्रम पाळतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे चौकशी चारच गोष्टींची करायची असते: सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) पुरेशा वेगाने फिरतो का, डिझेल पोहोचते का, हवा मिळते का आणि दाब तयार होतो का. पहिल्या तिन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात. चौथीसाठी इंजिन खोलावे लागू शकते, म्हणून ती शेवटी.

साधने फारशी लागत नाहीत. मल्टीमीटर, पान्यांचा संच, टॉर्च, पारदर्शक प्लॅस्टिक नळीचा तुकडा आणि गाडीखाली शिरायचे असेल तर जॅक स्टँडची जोडी एवढे पुरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. सोसायटीच्या आवारात काम करणार असाल तर खाली पुठ्ठा अंथरावा. तेलाच्या एका डागावरून सेक्रेटरींशी होणारा वाद कोणत्याही बिघाडापेक्षा जास्त दिवस चालतो.

सकाळी गाडी सुरू होत नसेल तर

प्रथम सेल्फचा आवाज ऐकावा. तो रेंगाळत फिरत असेल तर डिझेलकडे वळूच नये, कारण संथ फिरणाऱ्या इंजिनात हवा पुरेशी तापत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असावा, सेल्फ मारताना तो साधारण 9.6 व्होल्टखाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळावेत. हे तिन्ही आकडे ठीक असूनही सेल्फ रेंगाळत असेल तर मल्टीमीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूवर धरून कोणाला तरी चावी फिरवायला सांगावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर दोष अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणाऱ्या, पट्टीत आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही पट्टी आतून हिरवी पडून कुजते, वरून मात्र धडधाकट दिसते. ती बदलायला अर्धा तासही लागत नाही.

सेल्फ जोमात फिरतो, पण गाडी बऱ्याच वेळाने धडधडत सुरू होते आणि मग दिवसभर तक्रार करत नाही, अशा वेळी डिझेलच्या मार्गात हवा शिरते आहे असा संशय घ्यावा. मेकॅनिक याला ‘गाडी एअर पकडते’ म्हणतात. ज्या गाड्यांमध्ये इंजिनाजवळचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, तिथे नळीला चीर पडली तरी जमिनीवर थेंबही पडत नाही, कारण ओढीच्या बाजूला डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभरात नळीतले डिझेल टाकीकडे परतते आणि सकाळी पंपाला नुसती हवा मिळते. याची बिनखर्चाची परीक्षा अशी: एक रात्र गाडी उतारावर तोंड खाली करून लावावी आणि दुसरी रात्र तोंड वर करून. पहिल्या सकाळी ती चटकन सुरू झाली आणि दुसऱ्या सकाळी रुसली, तर बिघाड बहुधा पंपात नसून नळीत, फिल्टरच्या रबरी सीलमध्ये किंवा मार्गात हाताने डिझेल भरायच्या हातपंपाच्या झडपेत आहे. खात्री करायची असेल तर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन सुरू करावे. बुडबुड्यांची माळ दिसली की टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जावे. टाकीतच विजेवर चालणारा पंप असलेल्या गाड्यांना ही परीक्षा लागू पडत नाही. तिथे नळीत दाब असतो आणि गळती बाहेर दिसते.

फिल्टरच्या तळाशी पाणी साठते. पावसाळ्याआधी आणि नंतर तळाचा स्क्रू सैल करून ते काचेच्या बाटलीत काढावे. पाणी खाली बसते, डिझेल वर तरंगते. नवा फिल्टर लावल्यावर हातपंप घट्ट होईपर्यंत दाबावा.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सर्व नोझलना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) एकाच सामायिक नळीतून मोठ्या दाबाचे डिझेल मिळते, मार्ग मोकळा असूनही त्रास कायम राहिला तर प्रत्येक नोझलमधून परत जाणारे डिझेल मोजता येते. प्रत्येक नोझलची परतीची बारीक नळी सारख्या आकाराच्या बाटलीत सोडून इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे. जी बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरते, तिचा नोझल झिजलेला असतो. मात्र नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांना इंजिन चालू असताना पानाही लावू नये. त्यांत शेकडो बार दाब असतो आणि तिथून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जुने मेस्त्री नळी सैल करून मिसिंग, म्हणजे नीट न पेटणारा सिलिंडर, शोधत. ती युक्ती कॉमन रेलवर जीवघेणी आहे.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. म्हणून आधी एअर फिल्टर, मग टर्बोपासून इंजिनाकडे येणारे रबरी पाइप आणि नंतर काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), याच क्रमाने पाहावे. निळसर धूर तेल जळत असल्याचा असतो. पांढरा धूर असेल आणि त्याला डिझेलचा उग्र वास येत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे. वास गोडसर असेल आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालच्या सीलकडे, पाहावे. दाबाचा अंदाज घ्यायचा असेल तर इंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण तोंडावर उलटे ठेवावे. ते उडू लागले आणि आतून धुराचे लोट आले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. पण त्याआधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारी, नळी साफ करून पाहावी. पीयूसीच्या यंत्रावर बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाडीला 65 आणि बीएस-4 गाडीला 50 हार्ट्रिज युनिटपर्यंत (धुराची दाटी मोजण्याचे एकक) धूर चालतो. मुंबईत बीएस-4 एप्रिल 2010 पासून लागू झाले, त्यावरून आपल्या गाडीची मर्यादा ओळखता येते.

इंजिन तापत असेल तर

सायनच्या कोंडीत काटा चढतो आणि रस्ता मोकळा होताच उतरतो, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासावा. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरायला हवा. याउलट बोरघाट चढताना काटा चढत असेल तर रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप झिजलेला असतो. रस्त्यात तापलीच तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा आणि बाजूला थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पाण्यातून गेल्यावर

हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत पाणी साचलेले असताना गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवण्याचा मोह टाळावा. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात दाबण्याचे प्रमाण मोठे असल्याने थोडे पाणीही पुरेसे ठरते. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा आणि आतला कागद ओला असेल तर गाडी टो करून न्यावी. गॅरेजमध्ये हीटर प्लग (थंड इंजिनाचा सिलिंडर तापवणारा) किंवा नोझल काढून इंजिन हाताने फिरवले की पाणी बाहेर पडते. तेल दुधाळ दिसले तर तेही बदलावे लागते.

क्लचची परीक्षा सोपी आहे: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट घसरते आहे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो आवाजाची वाट न पाहता बदलावा, कारण तुटल्यावर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरावे, पण काय घ्यायचे ते ठरवून जावे. आरसा, दिवा, दरवाजा किंवा चालवून दाखवलेली पंख्याची मोटर वापरलेली चालते. रबरी नळ्या, बेल्ट, ब्रेकचे भाग आणि नोझल मात्र नवे किंवा पावतीसह दुरुस्त केलेलेच घ्यावेत.