कोंदट खुराडे आणि मुंगसाची वाट

कोकणातील आमच्या घराच्या परसात ८ गावठी कोंबड्या होत्या. गेल्या पावसाळ्यात मुंगसाने त्यांतील २ मारल्या, म्हणून मी घाबरून खुराड्याच्या सर्व फटी फळ्यांनी बंद केल्या. परंतु त्यामुळे ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया आतच कोंडू लागला, सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरत आणि कोंबड्याही शिंकू लागल्या.

मूळ चूक खुराड्याला आधीपासून लावलेल्या जाळीची होती. बाजारात मिळणारी षट्कोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला मात्र अडवत नाही. ती काढून मी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी स्क्रू आणि वॉशर लावून चौकटीवर बसवली, कारण नुसते खिळे ओढीने निसटतात. मुंगूस जमीन उकरूनही आत शिरते. म्हणून हीच जाळी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेर दीड फूट आडवी पसरून तिच्यावर जांभ्याचे चिरे ठेवले.

हवेसाठी कौलांखाली, कोंबड्यांच्या बसायच्या दांडीपेक्षा वर, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना ९ इंचांची पट्टी केवळ जाळी लावून उघडी ठेवली, जेणेकरून उबदार, ओलसर हवा वर चढून बाहेर पडावी आणि झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावर थेट वारा येऊ नये. छप्पर २ फूट पुढे काढले. सुताराच्या मते एक फूट पुरेसा होता, पण आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. खाली भाताचे तूस पसरले असून ते ओले दिसताच बदलतो.