सेंट लुईस बघायचंय? मग आर्चपासून सुरुवात करू नका

शिकागोवरून वीकेंडला सेंट लुईसला येणारे आपले बहुतेक लोक काय करतात, तर गेटवे आर्चखाली (मिसिसिपीच्या काठची ती स्टीलची प्रचंड कमान) फोटो, वर जाऊन फोटो, मग कुठेतरी बिर्याणी आणि परत हायवे. आर्च भारीच आहे, वाद नाही, पण ती जिथे उभी आहे तिथेच मूळ गाव होतं, १७६४ मध्ये फ्रेंच लोकांनी फरच्या धंद्यासाठी वसवलेलं, आणि स्मारकासाठी म्हणून १९३९ पासून नदीकाठचे जवळपास ४० ब्लॉक पाडून टाकले. म्हणून माझं म्हणणं असं की पाडापाडीतून जे वाचलं ते आधी बघा, आर्च नंतर.

आर्चच्या आतून वर नेणाऱ्या ट्रामचं तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढा, दुपारचा स्लॉट घ्या. उन्हाळ्यात ऐनवेळी मिळेलच असं नाही.

सकाळी ओल्ड कॅथीड्रल. १८३४ चं दगडी चर्च, आर्चच्या पायथ्यालाच. १८४९ मध्ये एका आगबोटीला लागलेली आग गावात पसरली आणि अख्खा नदीकाठ जळाला त्यातून हे वाचलं, आणि नंतर बुलडोझरमधूनही वाचलं. अर्धा तास पुरे.

तिथून चालत ओल्ड कोर्टहाऊस, तो हिरवट घुमट लांबूनच दिसतो. इथे घाई करू नका प्लीज. ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट या गुलाम जोडप्याने १८४६ मध्ये इथेच स्वातंत्र्यासाठी दावा लावला, पहिला खटला हरले, १८५० मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, मग मिसुरीच्या सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि शेवटी १८५७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिकच नाही. त्यानंतर चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं. आणि याच कोर्टाच्या पायऱ्यांवर इस्टेटीच्या वाटणीत माणसांचे लिलावही व्हायचे, म्हणजे आत न्याय मागायचा आणि बाहेर बोली लागायची. दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये हे परत उघडलंय, नवीन दालनं नीट वाचत बघा. गाडी असेल तर नंतर उत्तरेकडच्या कॅल्व्हरी कब्रस्तानात ड्रेडची कबर आहे, लोक दगडावर एक सेंटची नाणी ठेवून जातात, लिंकनचा चेहरा वर करून.

आता आर्च. ६३० फूट उंच, तेवढीच रुंद, एरो सारिनेनचं डिझाइन, १९६५ मध्ये पूर्ण झाली. एअरपोर्टसारखं चेकिंग असतं, त्यामुळे स्लॉटच्या बराच आधी पोचा. ट्रामचा डबा म्हणजे पाच खुर्च्यांचं पांढरं पिंप, दार इतकं बुटकं की वाकूनच आत शिरायचं, गुडघ्याला गुडघे लागतात, आणि वर जाताना डबा मधेमधे खटखट करत सरळ होतो. चार मिनिटंच लागतात, पण बंद जागेची भीती असेल किंवा आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर वर नेऊ नका (वर पायऱ्याही आहेत), खालचं म्यूझियम फुकट आहे आणि तेच जास्त आवडेल.

ऊन उतरलं की ईड्स ब्रिज. माझी सगळ्यात आवडती जागा. १८७४ चा, एवढ्या मोठ्या प्रमाणावर पोलाद वापरलेला पहिलाच पूल. बांधणाऱ्या जेम्स ईड्सने आधी पूल बांधलेलाच नव्हता, पाणबुडी घंटेत (पाण्याखाली सोडायच्या, हवा भरलेल्या घंटेसारख्या पेटीत) बसून बुडालेल्या बोटींचा माल काढणारा माणूस तो, पण त्यामुळे नदीचा तळ त्याला तळहातासारखा माहीत. पायासाठी नदीतळात खोल, दाबाच्या हवेत काम करणारी बरीच माणसं वर येताना होणाऱ्या दाबाच्या आजाराने मेली. लोकांचा पुलावर भरवसा बसेना म्हणून उद्घाटनाआधी त्यावरून हत्ती चालवला, कारण कच्च्या जागी हत्ती पाय टाकत नाही असा समज! गजराजाने पास केला. वरच्या फूटपाथने उजेड असतानाच चालत पलीकडच्या इलिनॉय राज्यात जा, तिथल्या ईस्ट रिव्हरफ्रंट स्टेशनवरून मेट्रोलिंक (इथली लोकल ट्रेन) पकडा, ती याच पुलाच्या खालच्या मजल्यावरून परत आणते.

वसंतात येणार असाल तर नदीची पातळी बघून निघा. ३० फुटांवर पूर धरतात, १९९३ मध्ये पाणी ४९.५८ फुटांवर गेलं होतं. पाणी चढलं की काठचा रस्ता बंद.

दुसरा दिवस असेल तर नदीपलीकडे काहोकिया माउंड्स. युनेस्को वारसास्थळ, कोलंबसच्याही आधीचं शहर, आणि टोपल्यांनी माती वाहून रचलेली १०० फुटी टेकडी. वर सावली नाही, पाणी न्या. फॉरेस्ट पार्कमधलं झू, आर्ट म्यूझियम वगैरे फुकट आहे, पोरं असतील तर तिकडेच दिवस जाईल.

आणि द हिल या इटालियन भागात टोस्टेड राव्हिओली (सारण भरलेला तळलेला पास्ता) खायला गेलात तर आत काय आहे ते आधी विचारा, बऱ्याचदा बीफ असतं, चीजवाली वेगळी मागावी लागते.