भागाकाराआधीची तयारी

विभवांतराला (व्होल्टेजला) विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की विद्युत शक्ती मिळते, हे नववीतल्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. तरीही प्रयोगवहीतली उत्तरे चुकतात, कारण चूक बहुतेक वेळा आकडेमोडीच्या आधीच, टेबलावर जोडणी करताना होऊन गेलेली असते. म्हणून प्लग की (परिपथ सुरू-बंद करणारी खुंटी) बसवण्यापूर्वी पुढील गोष्टी झाल्या आहेत ना, हे क्रमाने पाहावे.

प्रयोग विद्युतघटांवरच करावा; घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगला प्रयोगशाळेची उपकरणे कधीही जोडू नयेत. घट ताजे असावेत, कारण थकलेल्या घटाचे विभवांतर वाचन घेता घेताच उतरते. ज्याच्या नावाने रोधाचे एकक ओळखले जाते, त्या शास्त्रज्ञ ओहमलाही हीच अडचण आली होती. त्याने व्होल्टाचा घट बाजूला ठेवून बिस्मथ आणि तांबे यांचे तापयुग्म (दोन धातूंच्या सांध्यांतील तापमानाच्या फरकावर वीज देणारी जोडी) वापरले, तेव्हा कुठे त्याची वाचने स्थिर झाली आणि 1827 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जोडतारांची टोके काचकागदाने घासून स्वच्छ करावीत आणि स्क्रू घट्ट आवळावेत, कारण सैल जोडाचा रोधही नकळत हिशेबात येऊ शकतो.

धारा मोजणारा अमीटर एकसर आणि विभवांतर मोजणारा व्होल्टमीटर समांतर, ही जोडणी दोनदा तपासावी. अमीटरचा स्वतःचा रोध अगदी कमी असल्याने तो चुकून समांतर जोडला गेला तर त्यातून प्रचंड धारा वाहते आणि उपकरण जळते. धारा, विभवांतर आणि रोध एकाच उपकरणाने मोजणारा मल्टीमीटर वापरणाऱ्यांनी विशेष जपावे: धारा मोजून झाल्यावर लाल तार धारेच्या खाचेतच राहिली आणि त्याच अवस्थेत विभवांतर मोजायला गेले, तर शॉर्ट सर्किट झालेच म्हणून समजावे.

व्होल्टमीटरही निरुपद्रवी नसतो. एक हजार ओहमच्या रोधाला तेवढ्याच अंतर्गत रोधाचा व्होल्टमीटर समांतर जोडला, तर अमीटरमधून दोघांची मिळून धारा जाते आणि भागाकार केल्यावर उत्तर पाचशे ओहम येते. गणित बिनचूक असूनही उत्तर निम्मे. काही ओहम रोधाच्या तारेसाठी ही अडचण नगण्य असते, पण रोध मोठा असेल तर सुमारे एक कोटी ओहम अंतर्गत रोध असलेला डिजिटल मल्टीमीटर घ्यावा.

दोन्ही काटे शून्यावर आहेत का हे पाहून प्रत्येक उपकरणाचे लघुतम माप (त्याच्या पट्टीवरचा सर्वांत लहान भाग) वहीत आधीच लिहून ठेवावे. वाचनापुरतीच प्लग की लावावी आणि लगेच काढावी, कारण तार तापली की तिचा रोधही बदलतो. नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेच्या बाबतीत हा बदल थोडा असतो, मात्र बल्बच्या टंगस्टन तंतूच्या बाबतीत तो चकित करणारा असतो. 230 व्होल्टवर 100 वॅटने जळणाऱ्या बल्बचा रोध 529 ओहम निघतो, पण तोच बल्ब थंड असताना मल्टीमीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आकडा दिसतो. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून बल्ब घेतल्यास कोणत्या विभवांतरावरचा रोध आहे, हे उत्तराबरोबर लिहावेच.

वाचने किमान पाच घ्यावीत आणि मिलीअँपिअरचे अँपिअर तक्त्यातच करून टाकावेत. 4.5 व्होल्टला 30 मिलीअँपिअरच्या नुसत्या 30 ने भागून 0.15 ओहम लिहिणारे दरवर्षी भेटतात. खरे उत्तर 150 ओहम असते.

समजा व्होल्टमीटरने 2.40 व्होल्ट आणि अमीटरने 0.30 अँपिअर दाखवले. रोध 8.0 ओहम आणि शक्ती 0.72 वॅट. पडताळ्यासाठी धारेचा वर्ग 0.09 घेऊन त्याला 8 ने गुणावे, पुन्हा 0.72 आले नाही तर कुठेतरी हात घसरला आहे. लघुतम माप 0.05 व्होल्ट आणि 0.01 अँपिअर असेल, तर दोन वाचनांतली संभाव्य त्रुटी अनुक्रमे सुमारे 2.1 आणि 3.3 टक्के होते. भागाकार असो वा गुणाकार, या टक्केवाऱ्यांची बेरीजच होते, त्यामुळे रोध आणि शक्ती दोन्हींत साधारण साडेपाच टक्के त्रुटी धरावी. अशा वेळी गणनयंत्रावरचे सात दशांश वहीत उतरवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

हेच सूत्र घरच्या गिझरला लावायचे असेल, तर मोजण्याची गरजच नाही. त्याच्यावर चिकटवलेल्या माहितीपट्टीवरचे आकडे पुरतात. 230 व्होल्ट, 2000 वॅट असे लिहिले असेल तर धारा सुमारे 8.7 अँपिअर होते, म्हणून त्याला 16 अँपिअरचा प्लग हवा. रोध 26.45 ओहम. संध्याकाळी विजेचा दाब, म्हणजे विभवांतर, 200 व्होल्टपर्यंत उतरला तर तोच गिझर सुमारे 1512 वॅटच देतो: दाबात तेरा टक्के घट, शक्तीत जवळजवळ चोवीस टक्के. पाणी तापायला वेळ का लागतो, याचे उत्तर शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, यात आहे. पंखा किंवा पंपाची मोटर यांना मात्र ही रीत लावू नये. तिथे विभवांतर आणि धारा यांचे चढउतार एकाच वेळी होत नाहीत, त्यामुळे नुसता गुणाकार खऱ्या शक्तीपेक्षा जास्त येतो आणि ती मोजण्यासाठी वॉटमीटरच लागतो.